गुप्ततेची दोन रूपे : रहस्यकथा आणि अणुयुग

बाबूराव अर्नाळकरांच्या धनंजयकथांची संरचना उलगड्यावर उभी आहे. गुपित व्यक्तीचे असते आणि ते फोडणे हेच न्यायाचे कार्य ठरते. अणुयुगातील हेरकादंबरीने हे नाते उलटवले. इयान फ्लेमिंगच्या ‘थंडरबॉल’मध्ये (१९६१) चोरीस गेलेले अणुबाँब शोधायचे असतात, तेही जनतेला सुगावा लागू न देता. येथे गुपित राज्यसंस्थेचे होते; ते राखणे हे नायकाचे कर्तव्य बनते.

भारतात १९६२च्या अणुऊर्जा कायद्याने अणुविषयक माहितीच्या प्रकटनावर निर्बंध घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला. १९९८मध्ये पोखरण येथे अब्दुल कलाम व आर. चिदंबरम लष्करी गणवेशात, ‘मेजर जनरल पृथ्वीराज’ व ‘मेजर जनरल नटराज’ या नावांनी वावरले. अमेरिकी हेरयंत्रणेला चाचण्यांचा पूर्वसुगावा लागला नाही. वास्तवाने हेरकथेचे संकेत आत्मसात केले होते. उलगडाही झाला तो राज्यसंस्थेने निवडलेल्या क्षणी, ११ मे रोजी पंतप्रधानांच्या घोषणेने.

धनंजयाची जागा अशा रीतीने शासनाने घेतली. म्हणूनच या वाङ्मयप्रकाराच्या समीक्षेत ‘गुन्हेगार कोण?’ यापेक्षा ‘गुपित कोणापासून राखले?’ हा प्रश्न अधिक मूलगामी ठरतो. त्याच्या उत्तरात शत्रूबरोबर नागरिकही येतो. आणि वाचक हा नागरिकच असतो.