सप्तशतीपाठ

मार्कंडेयपुराणाच्या ८१ ते ९३ या अध्यायांतील देवीमाहात्म्याचे मंत्रबुद्धीने केलेले विधियुक्त पारायण. मूळ श्लोक सहाशेच्या आतच असले, तरी ‘उवाच’ ही वक्तृनिर्देशक पदे व काही अर्धश्लोक स्वतंत्र मंत्र मानल्याने सातशेची संख्या भरते. या विभागणीची भास्कररायाने ‘गुप्तवती’ टीकेत केलेली मार्मिक चिकित्सा अभ्यासकाने अवश्य पाहावी. कवच, अर्गला, कीलक ही स्तोत्रे म्हणून, पाठाच्या आद्यंती नवार्ण (नऊ अक्षरी) मंत्राचा १०८ वेळा जप करावा, पोथी हाती न धरता आधारावर ठेवावी आणि अध्याय मध्येच सोडू नये, असा दस्तूर आहे. सप्तशृंगगडासमोरच्या डोंगरावरून मार्कंडेयाने हे माहात्म्य देवीस ऐकविले, अशी वणी परिसरात श्रद्धा आहे. शंभर पाठांच्या अनुष्ठानास शतचंडी म्हणतात; त्यात पाठसंख्येच्या दशांशाने हवन होते.