आधी शस्त्र की आधी औषध?

आई मुलाला न्हाऊ घालीत असते आणि पोटाच्या एका बाजूला तिच्या हाताला काहीतरी टणक लागते. मूल तीन-चार वर्षांचे, खेळतेबागडते. पुष्कळदा ना दुखणे, ना ताप. लहान मुलांच्या मूत्रपिंडाच्या कर्करोगाची कथा बहुधा अशीच सुरू होते. अशी गाठ आज सापडली तर उद्याच कापून काढावी, असे कोणीही म्हणेल. आम्हीही तेच म्हटले असते. मग ज्या डॉक्टरांनी "चार आठवडे थांबा, आधी औषध देऊ" असे सांगितले, त्यांनी ते कशाच्या बळावर सांगितले? आज आम्हांला एवढीच हकीकत सांगावयाची आहे.

या रोगाला नाव मिळाले माक्स विल्म्स या जर्मन शल्यवैद्याचे. त्यांचा या गाठींवरील ग्रंथ १८९९ सालचा. पुढे महायुद्धात एका फ्रेंच युद्धकैद्याच्या गळ्यावर त्यांनी शस्त्रक्रिया केली आणि त्याचा घटसर्प त्यांना जडला. कैदी वाचला, विल्म्स १९१८ मध्ये वारले.

त्या काळी ही गाठ झालेली मुले क्वचितच जगत. बोस्टनला विल्यम लॅड यांनी शस्त्रक्रियेची पद्धत सुधारली. १९५० च्या सुमारास शस्त्रक्रियेला किरणांची जोड मिळाली, तेव्हा निम्म्याच्या आसपास मुले वाचू लागली. मग औषधे आली. पहिले अ‍ॅक्टिनोमायसिन, ते १९४० साली वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत मातीतल्या जंतूपासून निघाले होते, आणि या रोगावर त्याचा उपयोग सिडनी फार्बर यांनी बोस्टनमध्ये केला. दुसरे व्हिन्क्रिस्टिन. ते ज्या झाडापासून निघते ते आपल्या प्रत्येक अंगणात आहे. आपण त्याला सदाफुली म्हणतो आणि त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही.

औषधे हाती आल्यावर वाद सुरू झाला तो क्रमाचा. १९६९ साली अमेरिकेत या एका रोगाच्या अभ्यासासाठी राष्ट्रीय मंडळ स्थापन झाले. त्याचे म्हणणे सरळ होते: आधी गाठ काढा, ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहा, रोग किती पसरला ते ठरवा आणि मग औषध द्या. युरोपीय डॉक्टरांच्या मनात मात्र एक भय होते, आणि आमच्या मते सगळ्या कथेचे मर्म त्या भयातच आहे. ही गाठ मऊ, तिचे आवरण पातळ. पिकलेले फळ हाताळताना फुटावे तशी ती शस्त्रक्रियेत फुटते. पुष्कळ रुग्णालयांत अशा मुलाच्या खाटेवर "पोट दाबून पाहू नये" अशी पाटी लावीत. गाठ फुटली की रोगपेशी पोटभर सांडतात आणि मग सबंध पोटाला किरण द्यावे लागतात. वाढत्या मुलाच्या कण्याला आणि हाडांना त्याची किंमत जन्मभर मोजावी लागते.

१९७१ साली पॅरिसजवळच्या व्हिलज्विफचे डॉ. लमेर्ल आणि त्यांचे सहकारी यांनी हे भय तपासून पाहिले. मुलांचे दोन गट केले: एकात आधी किरण, दुसऱ्यात थेट शस्त्रक्रिया. थेट शस्त्रक्रियेच्या गटात शेकडा ३३ गाठी फुटल्या. आधी किरण दिलेल्यांत शेकडा ४. फरक डोळे दिपवणारा होता, पण जगलेल्या मुलांच्या संख्येत म्हणावा असा फरक नव्हता, आणि गाठ आवळण्यासाठी किरणच द्यायचे तर ज्या इजेला भ्यायचे तीच ओढवून घ्यायची! म्हणून १९७७ ते १९७९ च्या चाचणीत एका गटाला किरणांऐवजी ही दोन औषधेच दिली. तेथे शेकडा ६ गाठी फुटल्या; किरणांच्या गटात ९. किरणांचे काम औषधांनी केले होते. पुढे एका चाचणीत आठ आठवडे औषध देऊन चारांहून अधिक काही साधत नाही असे दिसले, आणि साध्या, न पसरलेल्या रोगाला चार आठवड्यांचा नेम पडला.

यात धोका नव्हता असे नाही. तुकडा न काढता केवळ चित्रावरून औषध सुरू केले, तर एखाद्या मुलाला निराळाच रोग निघायचा, क्वचित कर्करोगच नसायचा. औषधाने गाठीचे मूळ रूपही बदलते. अमेरिकन डॉक्टरांचा हा आक्षेप खोटा नव्हता, आणि तो हट्टाचा होता असेही आम्हांला वाटत नाही. इंग्लंडात १९९१ पासून दहा वर्षे दोन्ही पद्धती चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे मुलांना वाटून ताडून पाहिल्या. जगण्याच्या आकड्यात फरक पडला नाही. परंतु आधी औषध दिलेल्यांपैकी जवळजवळ पाचांतील एका मुलाचे किरण किंवा हृदयाला जड जाणारे डॉक्सोरुबिसिन टळले.

आजही अमेरिकेत बहुधा शस्त्र आधी आणि युरोपात औषध आधी. दोन्हीकडे शंभरांतील नव्वदांच्या आसपास मुले जगतात. दोन्ही मूत्रपिंडांत गाठी असल्या की मात्र अमेरिकन शल्यवैद्यही सुरी बाजूला ठेवतात आणि आधी औषध देतात. कारण तेथे मूत्रपिंडाचा जेवढा तुकडा शाबूत राहील, तेवढ्यावरच त्या मुलाला पुढचे सारे आयुष्य काढावयाचे असते.