चोवीस शब्द आणि रद्दीवाला

दिवाळीच्या आधीचा रविवार. आईने माळ्यावरची माझी इंजिनिअरिंगची पुस्तकं काढून, सुतळीने बांधून, रद्दीवाल्यासाठी दाराशी ठेवलेली. मी आरामात चहा पीत होतो आणि अचानक ट्यूब पेटली. एम-थ्रीच्या पुस्तकात पाकीट! पाकिटात एक कागद, त्यावर पेन्सिलने लिहिलेले चोवीस इंग्रजी शब्द. २०२१ पासून पगारातून थोडे थोडे करून घेतलेले माझे सगळे बिटकॉइन म्हणजे ते चोवीस शब्द. सुतळी तोडली, पाकीट मिळालं, आणि "अरे, आत्ता बांधलं होतं ना मी!" हेही ऐकून घेतलं.

तो कागद गेला असता तर? एक म्हणजे माझा बॅकअप गेला असता. पेनड्राइव्हएवढं ते वॉलेटचं यंत्र ज्या दिवशी बिघडेल, त्या दिवशी खेळ खलास. आणि दुसरं म्हणजे, ते शब्द कशाचे आहेत हे ओळखणाऱ्या कुणाच्या हातात कागद पडला असता तर त्याला आणखी काहीच लागलं नसतं. म्हणजे एकाच कागदाबद्दल हरवण्याचीही भीती आणि सापडण्याचीही! तेव्हापासून दोन-तीन वीकेंड या विषयाचा इतिहास वाचण्यात घालवले. बिटकॉइनवाल्यांची इतकी वर्षं याच दोन भीतींमध्ये हेलपाटे घालण्यात गेली आहेत असं माझं मत झालंय. चोरीवर उपाय काढला की हरवणं सोपं होतं, आणि हरवण्यावर काढला की चोरी.

आधी थोडं टेक्निकल, कंटाळू नका. बिटकॉइन तुमच्या वॉलेटमध्ये नसतोच. कुठल्या पत्त्यावर किती नाणी आहेत याची वही जगभरातल्या हजारो कॉम्प्युटर्सवर असते. तुमच्याकडे असते ती फक्त गुप्त किल्ली, म्हणजे एक प्रचंड मोठी संख्या. ती ज्याला माहीत, नाणी त्याची. 'फरगॉट पासवर्ड' नाही, ब्रँच मॅनेजर नाही. सातोशी नाकामोतो या टोपणनावाच्या गृहस्थाने (किंवा बाईने, किंवा ग्रूपने, काय माहीत) जानेवारी २००९ मध्ये हे सुरू केलं तेव्हा किल्ल्या 'वॉलेट डॉट डॅट' नावाच्या साध्या फाइलमध्ये असायच्या. त्या फाइलला पासवर्ड लावायची सोय आली थेट सप्टेंबर २०११ मध्ये.

मला सगळ्यात जास्त चटका लावणारा किस्सा त्याच्याही आधीचा, ऑगस्ट २०१० चा. 'स्टोन मॅन' नावाने वावरणाऱ्या एकाने ९,००० बिटकॉइन घेतले. माणूस व्यवस्थित, म्हणजे तुमच्या-माझ्यापेक्षा तरी. लिनक्स सीडीवरून चालवायचा, वॉलेट फाइलची कॉपी पेनड्राइव्हवर ठेवलेली. मग त्याने स्वतःलाच १ बिटकॉइन पाठवून बघितला आणि मशीन बंद केलं. सीडीवरून चालणारी सिस्टिम बंद केली की सगळं पुसलं जातं. पण बॅकअप होता ना! बॅकअप उघडला, तर ८,९९९ गायब.

झालं काय होतं? बिटकॉइनचा व्यवहार नोटेसारखा असतो. पाचशेची नोट देऊन दहाची कोथिंबीर घेतली की चारशे नव्वद सुटे परत येतात (भाजीवाली शिव्या देते ते वेगळं). तशी इथे ९,००० ची 'नोट' मोडली, १ पाठवला गेला आणि ८,९९९ सुटे परत आले. पण सॉफ्टवेअरने ते सुटे ठेवले एका नव्याकोऱ्या पत्त्यावर, म्हणजे बाहेरच्याला माग काढणं अवघड जावं म्हणून. त्या पत्त्याची किल्ली तयार झाली बॅकअप घेतल्यानंतर. ती फक्त चालू मशीनमध्ये होती, आणि मशीन बंद. चोर नाही, व्हायरस नाही. तेव्हाच्या भावाने काहीशे डॉलर गेले. आजच्या भावाने... जाऊ दे. पुढे सॉफ्टवेअर शंभर किल्ल्या आधीच बनवून ठेवायला लागलं. पण हा किस्सा वाचून मला घाम फुटला, कारण यातला प्रत्येक तुकडा सुटासुटा बघितला तर बरोबर आहे. बॅकअप बरोबर, नवा पत्ता बरोबर. असले बग मी प्रॉडक्शनवर टाकलेले आहेत.

दुसरी भीती जून २०११ मध्ये आली. एकाच्या विंडोज मशीनवरून २५,००० बिटकॉइन चोरीला गेले, तेव्हाच्या भावाने पाचेक लाख डॉलर. लोक म्हणाले, घरच्या मशीनचा भरवसा नाही, एक्स्चेंजवरच ठेवू. थोडक्यात, बँक नको म्हणून निघालेले लोक पुन्हा बँकेच्या दारात. आणि बँक कुठली, तर टोकियोची माउंट गॉक्स, जिचं नावच मुळात पत्त्यांच्या खेळाच्या एका साइटवरून आलेलं. २८ फेब्रुवारी २०१४ ला तिने दिवाळखोरी जाहीर केली, ८,५०,००० बिटकॉइन गेल्याचं सांगितलं. मग पुढच्याच महिन्यात एका जुन्या वॉलेटमध्ये २,००,००० 'सापडले'! अमेरिकेच्या न्याय खात्याने २०२३ मध्ये उघड केलेल्या आरोपपत्रानुसार चोर सप्टेंबर २०११ पासूनच आत होते, आणि सुमारे ६,४७,००० नाणी हळूहळू बाहेर जात राहिली. म्हणजे जवळपास अडीच वर्षं वही कुणी जुळवून बघितली नाही. ग्राहकांना नाणी परत मिळायला सुरुवात झाली जुलै २०२४ मध्ये.

मग लोक पुन्हा घराकडे वळले. तिथे वेल्समधल्या न्यूपोर्टच्या जेम्स हॉवेल्सची हार्ड डिस्क २०१३ मध्ये कचऱ्यात गेलेली, तिच्यावर सुमारे ८,००० बिटकॉइनची किल्ली. कचरा डेपो उकरायची परवानगी तो वर्षानुवर्षं मागत राहिला, जानेवारी २०२५ मध्ये कोर्टाने दावा फेटाळला. (ही गोष्ट मी आईला मुद्दाम सांगितली.) स्टीफन थॉमसची किल्ली एका एन्क्रिप्टेड पेनड्राइव्हमध्ये, ७,००२ बिटकॉइनची. दहा वेळा पासवर्ड चुकला की ड्राइव्ह कायमची बंद. जानेवारी २०२१ मध्ये ही बातमी आली तेव्हा त्याचे आठ प्रयत्न संपले होते.

ते चोवीस शब्द आले यावरच उपाय म्हणून. २०१३ मध्ये प्राग शहरातल्या काही जणांनी एक पद्धत मांडली. २,०४८ साध्या शब्दांची ठरलेली यादी, त्यातले बारा किंवा चोवीस शब्द ओळीने लिहिले की त्यातून सगळ्या किल्ल्या पुन्हा बनवता येतात, पुढे बनणाऱ्यासुद्धा. स्टोन मॅनचा प्रॉब्लेम संपला. यादी करताना प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं वेगळी ठेवली, म्हणजे घाणेरड्या अक्षरातही ओळखता यावा. २०१४ मध्ये त्याच लोकांचं ट्रेझर आलं, किल्ली बाहेर न सोडणारं छोटं यंत्र. इंजिनिअरिंग म्हणून मला हे फार सुंदर वाटतं. फक्त शेवटी सगळं येऊन थांबलं कागदावर, आणि कागद एम-थ्रीच्या पुस्तकात.

डिसेंबर २०१८ मध्ये कॅनडाच्या क्वाड्रिगा-सीएक्स एक्स्चेंजचा तीस वर्षांचा मालक जेराल्ड कॉटन जयपूरला वारला. किल्ल्या फक्त त्याच्याकडे. सुमारे ७६,००० ग्राहकांचे पैसे अडकले. पुढे तपासात निघालं की ती वॉलेट्स आधीच रिकामी होती, आणि ओंटारियोच्या नियामकाने २०२० मध्ये त्याला सरळ फसवणूक म्हटलं. पण ते कळेपर्यंत सगळ्यांना पटलं होतं की एक माणूस मेला म्हणून पैसे गेले. पटलं, कारण ते खरोखर शक्य होतं.

मग एकाच किल्लीऐवजी अनेक सह्या ही पद्धत आहेच. मुंबईच्या वझीरएक्सच्या ज्या वॉलेटवर १८ जुलै २०२४ ला डाका पडला, त्याला सहा किल्ल्या होत्या आणि चार सह्या लागायच्या. तरी सुमारे २३ कोटी डॉलर गेले, कंपनीकडच्या एकूण ठेवींच्या जवळपास ४५ टक्के. कंपनीचं म्हणणं, सह्या करणाऱ्यांना स्क्रीनवर दिसत होतं एक आणि प्रत्यक्षात सही झाली दुसऱ्यावरच. ग्राहकांचे पैसे वर्षाहून जास्त अडकले, सिंगापूरच्या कोर्टाच्या मंजुरीनंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये व्यवहार पुन्हा सुरू झाले. दरम्यान फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिटवर तसाच डाका, सुमारे दीड अब्ज डॉलरचा. सही करणाऱ्याला कागद वाचता आला नाही तर सह्या चार असोत की चाळीस, काय फरक पडतो?

हे सगळं मी जेवताना उत्साहाने सांगत होतो. बाबा छत्तीस वर्षं बँकेत होते. शांतपणे ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला, "नॉमिनी कोण?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. एम-थ्रीच्या पुस्तकाचं बायकोलाही माहीत नव्हतं. चोराला कळू नये म्हणून इतकी काळजी घेतली की घरच्यांनाही कळलं नाही! त्याच रात्री तिला बसवून सगळं समजावलं. तिने शब्द वाचले, हसली, आणि म्हणाली की निदान पेनने तरी लिहायचं होतंस.

आता कागद दोन आहेत, पेनने लिहिलेले. एक आमच्या गोदरेजच्या कपाटात, दुसरा गावाला काकांकडे, सीलबंद पाकिटात. म्हणजे हरवायची भीती कमी झाली आणि चोरीची दुप्पट. पाकिटावर काय लिहू, बाबांना विचारलं. "काही लिहू नकोस," म्हणाले. मग थोड्या वेळाने, "नाही, काहीतरी लिही. नाहीतर तुझी काकू टाकून देईल."