प्रवासाचे हलके सामान : अस्थिव्यंग प्रवासी आणि माणगाव

चालण्या-फिरण्यात अडचण असलेल्या व्यक्तीने प्रवासासाठी योग्य बॅग निवडणे आणि तीत मोजकेच सामान भरणे, हा या नोंदीचा विषय. काठी, कुबड्या, वॉकर, कॅलिपर, कृत्रिम पाय किंवा व्हीलचेअर ही साधने स्वतःच सामान असतात आणि ती घरी ठेवता येत नाहीत. त्यामुळे अशा प्रवाशाची बॅग किती मोठी असावी, हे मुक्काम किती दिवसांचा यापेक्षा हात किती मोकळे यावर ठरते. जिना चढताना दोन कुबड्यांवर चालणाऱ्याचा एकही हात मोकळा नसतो.

माणगाव (जि. रायगड) हे तालुक्याचे ठिकाण मुंबई–गोवा महामार्गावर, काळ नदीच्या परिसरात आहे. कोकण रेल्वेचा रोहा–वीर हा टप्पा 1993 मध्ये सुरू झाला, तेव्हापासून येथे रेल्वे येते. संपूर्ण मार्ग 1998 मध्ये खुला झाला. पुण्याहून ताम्हिणी घाटातून उतरणारी वाहतूक याच भागात महामार्गाला मिळते. श्रीवर्धन, हरिहरेश्वर, दिवेआगर किंवा रायगड किल्ल्याकडे निघालेले पुष्कळ लोक माणगावला वाहन बदलतात. म्हणजे रेल्वेतून उतरणे, रिक्षात बसणे, एस.टी.त किंवा मिनीडोअरमध्ये चढणे अशी सामानाची उचलठेव एकाच दिवसात तीन-चारदा होते. (सिंधुदुर्गातले माणगाव, टेंबेस्वामींचे जन्मगाव, निराळे, त्यासाठी कुडाळला उतरावे लागते. दोन पिशव्या आणि दोन कुबड्या घेऊन चुकीच्या माणगावला पोहोचलेल्याची कल्पनाच करवत नाही.)

खरी परीक्षा फलाटावर होते. मधल्या स्थानकांवर गाडी जेमतेम दोन मिनिटे थांबते. रुळापासून 760 ते 840 मि.मी. उंचीच्या फलाटावरूनही डब्याची जमीन सुमारे 40 सें.मी. वर असते आणि साध्या डब्याच्या दारातून नेहमीच्या मापाची व्हीलचेअर आत जात नाही. दिव्यांगांसाठीच्या डब्याचे दार रुंद असते आणि शौचालयही मोठे. मात्र हा डबा बहुधा गाडीच्या टोकाला जोडलेला असतो, म्हणजे फलाटावरील छपरापासून लांब. दोन मिनिटांत माणूस, साधन आणि बॅग असे तिन्ही चढवायचे, तेही कोकणच्या पावसात. सोबत्याने आधी सामान ढकलावे की माणसाला हात द्यावा, असा पेच पडू नये इतकेच सामान असावे. याहून चांगले माप सापडणे कठीण. रेल्वे शयनयानात 40 आणि द्वितीय श्रेणीत 35 किलो सामान मोफत नेऊ देते, पण या प्रवाशाच्या दृष्टीने त्या आकड्याला काही अर्थ नाही.

बॅग कोणती घ्यावी हे साधनावर ठरते. दोन कुबड्या असतील तर पाठीवरची सॅकच हवी. तिला छातीवर आणि कमरेला पट्टे असावेत, जड वस्तू पाठीला चिकटून ठेवाव्यात. सैल, लोंबती सॅक पायरी चढताना मागे ओढते आणि तोल तिथेच जातो. एक काठी वापरणाऱ्याबाबत हाडवैद्यकाचे गणित उपयोगी पडते. काठी दुखऱ्या खुब्याच्या विरुद्ध हातात धरतात. मोकळा हात दुखऱ्या बाजूचा राहतो आणि पिशवी त्याच हातात घेतली तर त्या खुब्यावरचा ताण घटतो. दुसऱ्या खांद्यावर तीच पिशवी टाकली की ताण वाढतो. अनेक जण सवयीने नेमके उलटे करतात. वॉकरला पुढच्या बाजूस जड पिशवी अडकवू नये, तो पुढे कलंडतो. व्हीलचेअरच्या मुठींना सॅक लटकवण्याची पद्धत सर्रास दिसते, पण माणूस खुर्चीतून उठला की खुर्ची मागे उलटते, आणि चढावर तर तो बसलेला असतानाही. बैठकीखाली बांधायची चपटी पिशवी आणि मांडीवर पट्ट्याने अडकवलेली एक छोटी बॅग पुरते. चार चाकांची ट्रॉली बॅग गुळगुळीत विमानतळासाठी ठीक आहे. उताराच्या फलाटावर ती मालकाला सोडून निघून जाते आणि दिवेआगरच्या पुळणीत रुतते. दोन चाकांची बरी, पण ती ओढायला हात मोकळा हवा, म्हणून ती सोबत्याची.

कमी काय करावे याची यादी प्रत्येकाची वेगळी; कमी काय करू नये, हे सांगणे अधिक जरुरीचे. कुबडीचे जादा रबरी बूट घ्यावेत. झिजलेला रबर शेवाळलेल्या चिऱ्याच्या पायरीवर घसरतो आणि असा रबर गावातल्या दुकानात मिळेलच असे नाही. कॅलिपरचे स्क्रू, छोटा स्क्रू-ड्रायव्हर आणि एक जादा पट्टा यांना मूठभर जागा लागते. मज्जारज्जूच्या इजेने कमरेखालची संवेदना गेलेल्या व्यक्तीने बैठकीची उशी कधीही सामानात देऊ नये. काही तास कठीण आसनावर बसून झालेली जखम भरायला महिने लागू शकतात. कॅथेटर आणि औषधे दोन ठिकाणी विभागून ठेवावीत. 1968 च्या सुमारास जयपूरमध्ये रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडवलेला ‘जयपूर फूट’ अनवाणी आणि ओल्यातही चालतो, मात्र खुंटावर चढवायचे सुती मोजे ओले राहून चालत नाहीत. जून ते सप्टेंबर या भागात कपडा दोन दिवस वाळत नाही. तेव्हा शर्ट दोन कमी घ्यावेत, मोजे चार जास्त.

सामानातील सर्वांत जड वस्तू बहुधा भीतीपोटी घेतलेली असते, जशी कमोडची घडीची खुर्ची. मुक्कामाच्या घरी आधी फोन करून कमोड आहे का, न्हाणीचे दार किती इंच रुंद आहे, उंबरठा आणि पायऱ्या किती, हे विचारले तर ती खुर्ची घरी राहू शकते. ‘सगळी सोय आहे’ या उत्तरावर मात्र विश्वास ठेवू नये, इंचांतच उत्तर मागावे. रायगडावर हिरकणीवाडीहून 1996 पासून रोपवे चालतो, त्यामुळे हजाराहून अधिक पायऱ्या टळतात; वरची वाट मात्र उंचसखल आहे, म्हणून पाणी आणि औषधे यांपलीकडचे सामान पायथ्याशीच ठेवावे.

कागदपत्रे गळ्यातल्या पाकिटात असावीत : दिव्यांगत्वाचे ओळखपत्र, रेल्वेचे सवलतपत्र. सोबत्याविना प्रवास करू न शकणाऱ्या अस्थिव्यंग प्रवाशाला शयनयान व द्वितीय श्रेणीत 75 टक्के सवलत मिळते, सोबत्यालाही तेवढीच. एस.टी.तही दिव्यांगांना भाड्यात सवलत आहे, पण गाडीच्या पायऱ्या उंचच आहेत.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चा. तो 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला. बसथांबे, रेल्वे स्थानके आणि विमानतळ वापरण्याजोगे करण्याची जबाबदारी तो शासनावर टाकतो. 2017 मध्येच मुंबईच्या विराली मोदी यांनी रेल्वेत चढवताना हमालांकडून झालेल्या गैरवर्तनाबद्दल ऑनलाइन याचिका चालवली आणि हा प्रश्न देशभर पोहोचला. सॅक कितीही हलकी केली तरी माणसाला उचलूनच चढवावे लागत असेल, तर दोष बॅगेचा नव्हे.

माणगावला उतरणाऱ्याने दिव्यांगांचा डबा फलाटाच्या कोणत्या टोकाला येईल आणि पूल ओलांडावा लागेल का, हे निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. चौकशी आणि मदत या दोन्हींसाठी रेल्वेचा क्रमांक 139 आहे.