गाळ काढायची होडी रस्त्यावर

होडी वर्कशॉपमध्ये तयार आहे, पण नदी दीड मैल लांब. आता? "माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय" म्हणणाऱ्या आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना ही अडचण चांगलीच ओळखीची आहे.

१८०५, फिलाडेल्फिया. शहराच्या आरोग्य मंडळाला धक्क्यांजवळचा गाळ काढायचा होता. काम मिळालं ऑलिव्हर इव्हान्सला. त्याने सुमारे ३० फुटांची, सपाट बुडाची होडी बांधली; वर वाफेचं इंजिन आणि गाळ उपसायच्या बादल्यांची साखळी. वजनही कित्येक टन! एवढं धूड नदीपर्यंत न्यायचं कसं? पठ्ठ्याने होडीलाच चाकं लावली आणि तेच इंजिन त्यांना जोडलं. पाण्यात उतरल्यावर मागे वल्ह्यांचं चाक.

इव्हान्स सांगतो, होडी रस्त्यावरून स्वतःच्या ताकदीवर गेली. पण सविस्तर साक्ष त्याची एकट्याचीच, म्हणून इतिहासकार जरा साशंक आहेत. गाळ काढण्यात मात्र ती फसली आणि काही वर्षांतच मोडीत निघाली.

गंमत बघा, होडीचं खरं काम लोक विसरले; तिला कामावर पोचवणारी चाकं अमेरिकेच्या मोटारींच्या इतिहासात जाऊन बसली. मी यातून एवढंच घेतलं: पोचवायचं कसं, हे डिझाइन करतानाच ठरवा. पण पोचलं म्हणजे काम झालं, असं समजू नका.

भेटू पुढच्या भागात!