ध्वनिमुद्रिकेचा अस्सलपणा : जॅझ रसिकांचे वाद आणि इतिहासाची साधनचिकित्सा

प्रस्तावना

संगीताच्या चाहत्यांमधील वाद हा सामान्यतः इतिहासाच्या अभ्यासाचा विषय मानला जात नाही. कोणता गायक श्रेष्ठ, कोणत्या वादकाची तबकडी अधिक मोलाची, विनाइलच्या तबकडीचा आवाज कॉम्पॅक्ट डिस्कपेक्षा सरस आहे की नाही, या प्रश्नांवरील चर्चा हौशी मंडळींचा छंद म्हणून सोडून दिली जाते. परंतु विसाव्या शतकातील जॅझ संगीताच्या इतिहासाकडे पाहिले असता एक गोष्ट लक्षात येते. या संगीताचा पहिला इतिहास विद्यापीठांनी लिहिलेला नाही. तो तबकड्यांच्या संग्राहकांनी आणि त्यांच्या आपसांतील भांडणांनी घडविला. कोणती प्रत मूळ, ती घटनेच्या किती जवळची, नक्कल करताना काय बदलले, हे त्यांचे प्रश्न इतिहासकाराच्या साधनचिकित्सेचेच प्रश्न होते. प्रस्तुत लेखात या वादांचे तीन टप्पे तपासून ध्वनिमुद्रिकेकडे ऐतिहासिक साधन म्हणून कसे पाहावे, याचा विचार केला आहे.

सूचीकारांचे कार्य

पॅरिस येथे १९३२ मध्ये ‘हॉट क्लब द फ्रान्स’ ही जॅझ रसिकांची संस्था स्थापन झाली. ह्यूग पानासिए आणि शार्ल दलोने हे तिचे प्रमुख कार्यकर्ते होते. दलोने यांनी १९३६ मध्ये ‘हॉट डिस्कोग्राफी’ ही सूची प्रसिद्ध केली. वरकरणी ती तबकड्यांची यादी होती. परंतु तीत मुद्रणाची तारीख, स्थळ, वाद्यवृंदातील प्रत्येक वादकाचे नाव आणि तबकडीवर कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक नोंदविण्याचा प्रयत्न होता. तबकडीच्या कागदी चिठ्ठीवर बहुधा वृंदप्रमुखाचेच नाव छापलेले असे. मागे वाजविणारे सहा-सात वादक कोण, हे संग्राहकांनी कानांनी ओळखून, हयात वादकांना विचारून आणि क्रमांकांची तुलना करून ठरविले.

मराठी इतिहासाच्या अभ्यासकाला ही पद्धत परकी वाटण्याचे कारण नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करताना बखरींपेक्षा अस्सल पत्रांवर भर दिला, त्यामागील दृष्टी हीच होती. पत्राची मिती, लेखक आणि प्रत निश्चित झाल्याशिवाय त्यावर विधान उभारता येत नाही. दलोने यांच्यासाठी मॅट्रिक्स क्रमांक हीच मिती होती.

साधनाची मर्यादा

तथापि अस्सल साधन म्हणजे संपूर्ण साधन नव्हे. संग्राहकांचा इतिहास तबकडीवर उभा असल्यामुळे जे तबकडीवर आले नाही, ते त्या इतिहासातून निसटले. न्यू ऑर्लीन्समधील बडी बोल्डन या कॉर्नेटवादकाला अनेक जण जॅझचा आद्य पुरुष मानतात. १९०७ मध्ये त्याला मनोरुग्णालयात दाखल करण्यात आले; त्याच्या वादनाचे एकही मुद्रण आज उपलब्ध नाही. जॅझची पहिली तबकडी म्हणून जिचा उल्लेख होतो, ती १९१७ मध्ये व्हिक्टर कंपनीने ‘ओरिजिनल डिक्सीलँड जॅस बँड’ या पाच श्वेतवर्णीय वादकांच्या वृंदाकडून मुद्रित करून घेतली. किंग ऑलिव्हरचा कृष्णवर्णीय वृंद, ज्यात तरुण लुई आर्मस्ट्राँग होता, १९२३ मध्ये इंडियाना राज्यातील रिचमंड येथे मुद्रित झाला. केवळ तबकड्यांच्या क्रमाने पाहिले, तर कृष्णवर्णीयांनी घडविलेल्या संगीताचा आरंभ श्वेतवर्णीयांपासून झाल्याचा भास होतो.

यंत्राच्याही मर्यादा होत्या. १९२५ पूर्वी मुद्रण विजेविना, कर्ण्याच्या साहाय्याने होत असे. मोठ्या ढोलाचा आघात त्या यंत्रणेला पेलत नसल्याने तालवाद्ये बहुधा दूर ठेवली जात किंवा वगळली जात. एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे मावत. म्हणून जुन्या तबकडीवरील वादन हे त्या रात्री नृत्यगृहात वाजलेल्या संगीताचा संक्षेप असते.

तिसरे उदाहरण अधिक बोलके आहे. १ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेतील वादकांच्या संघटनेने मानधनाच्या प्रश्नावर ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. व्हिक्टर आणि कोलंबिया या मोठ्या कंपन्यांनी नोव्हेंबर १९४४ मध्ये तडजोड केली. याच काळात न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी आणि त्यांचे सहकारी ‘बीबॉप’ ही नवी शैली घडवीत होते. तिच्या जडणघडणीची व्यापारी मुद्रणे जवळजवळ नाहीत. त्यामुळे १९४५ मध्ये तबकड्या बाजारात आल्या, तेव्हा ही शैली एकाएकी अवतरल्यासारखी श्रोत्यांना वाटली. वास्तविक ही ‘क्रांती’ काही अंशी साधनांच्या अभावाने निर्माण केलेली होती.

जुने आणि नवे : १९४० च्या दशकातील वाद

बीबॉपने रसिकांमध्ये उभी फूट पाडली. जुन्या न्यू ऑर्लीन्स शैलीच्या अभिमान्यांना नव्या पक्षाने ‘बुरसटलेली अंजिरे’ असे हिणवले. ‘मेट्रोनोम’ मासिकातून लेनर्ड फेदर आणि बॅरी उलानॉव्ह यांनी नव्यांची बाजू लढविली. फ्रान्समध्ये याच प्रश्नावर १९४७ मध्ये पानासिए आणि दलोने यांची फारकत झाली. पानासिए यांच्या मते बीबॉप हे जॅझच नव्हते.

या वादाचा साधनांवर झालेला परिणाम बंक जॉन्सन यांच्या उदाहरणातून दिसतो. संग्राहकांना लुइझियानातील न्यू आयबेरिया येथे हा वृद्ध ट्रम्पेटवादक सापडला. त्याचे दात गेले होते. चाहत्यांनी ते बसवून दिले आणि १९४२ पासून त्याची मुद्रणे केली. आपण बोल्डनसोबत वाजविले, असे जॉन्सन सांगत असे आणि आपला जन्म १८७९ चा असल्याचे त्याचे म्हणणे होते. १९३९ च्या ‘जॅझमेन’ या प्रभावी ग्रंथात त्याच्या साक्षीला महत्त्वाचे स्थान मिळाले. पुढील संशोधकांनी त्याचा जन्म सुमारे दहा वर्षे अलीकडचा मानला. तसे असेल तर बोल्डनच्या भरभराटीच्या काळात तो अजून किशोरवयीनच होता. शुद्ध आरंभाचा शोध घेणाऱ्या रसिकांना असा साक्षीदार हवाच होता आणि तो त्यांना मिळाला. साक्ष घेणाऱ्याची अपेक्षा साक्षीला कसा आकार देते, याचा हा नमुना मौखिक इतिहासाच्या अभ्यासकांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

आवाजाचा वाद

जून १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची दीर्घवादी विनाइल तबकडी बाजारात आणली. १९४९ मध्ये आरसीए व्हिक्टरने ४५ फेऱ्यांची लहान तबकडी आणून तिच्याशी स्पर्धा केली. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या प्रामुख्याने लाखेच्या मिश्रणाच्या असत आणि ती लाख मुख्यत्वे भारतातून जात असे. विनाइलमुळे खरखर कमी झाली आणि एका बाजूचा अवधी वीस मिनिटांच्या वर गेला. मात्र जुने संगीत नव्या तबकडीवर आणताना प्रत्येक वेळी नवी नक्कल तयार होऊ लागली. १९६० च्या दशकात तर एकमार्गी मुद्रणांवर विद्युत् प्रक्रिया करून ती ‘स्टिरिओ’ म्हणून विकली गेली.

पॉप संगीतातही हाच प्रश्न उद्भवला. बीटल्सच्या १९६७ च्या ‘सार्जंट पेपर’ या संचाच्या एकमार्गी मिश्रणाकडे वादकांनी स्वतः लक्ष दिले. स्टिरिओ मिश्रण नंतर थोड्या वेळात उरकले गेले. पुढील अनेक दशके मात्र बहुतेक श्रोत्यांनी स्टिरिओ आवृत्तीच ऐकली. मग ‘मूळ’ कोणती? चाहत्यांचा हा वाद पाठभेदाचा वाद आहे.

विनाइल आणि कॉम्पॅक्ट डिस्क यांचा वादही या दृष्टीने तपासावा लागतो. १९८२ मध्ये बाजारात आलेली कॉम्पॅक्ट डिस्क सेकंदाला ४४,१०० नमुने घेते. मंद आणि तीव्र आवाजातील अंतर ती विनाइलपेक्षा अधिक पेलते. असे असूनही अनेक श्रोत्यांना विनाइल सरस वाटते. याचे एक कारण यंत्राबाहेरचे आहे. १९९० च्या दशकापासून अनेक डिस्कवर आवाज अधिकाधिक मोठा ठेवण्यासाठी चढउतार दाबून टाकले गेले. विनाइलसाठी प्रत तयार करताना बहुधा वेगळे संस्करण करावे लागते. म्हणजे तुलना दोन माध्यमांची होत आहे असे वाटत असताना प्रत्यक्षात दोन संपादकांच्या कामाची तुलना होत असते.

माइल्स डेव्हिस यांचा ‘काइंड ऑफ ब्लू’ हा संच २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९ रोजी न्यूयॉर्क येथे मुद्रित झाला. पहिल्या दिवशी मुख्य फीत-यंत्र किंचित मंद गतीने चालत होते. त्यामुळे तबकडीची पहिली बाजू मूळ वादनापेक्षा किंचित चढ्या स्वरात ऐकू येई. शेजारच्या राखीव यंत्राची गती बरोबर होती. त्या राखीव फितीवरून दुरुस्त आवृत्ती निघण्यास १९९२ साल उजाडले. तोवर ३३ वर्षे पहिल्या आवृत्तीची तबकडी जपणारा संग्राहक काळाने मूळ आणि स्वराने चुकलेली प्रत जपत होता.

याउलट उदाहरण अलीकडचे आहे. पुनर्मुद्रणात नाव कमावलेल्या अमेरिकेतील ‘मोबाइल फिडेलिटी’ कंपनीच्या अनेक विनाइल तबकड्या थेट मूळ फितीवरून, अंकीय प्रक्रियेविना तयार होतात, असा ग्राहकांचा समज होता. मायकेल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’च्या ४०,००० प्रती काढण्याचे जाहीर झाल्यावर, एका मूळ फितीवरून हे कसे शक्य आहे, असा प्रश्न उपस्थित झाला. जुलै २०२२ मध्ये अनेक तबकड्यांमागे अंकीय टप्पा असल्याचे कंपनीच्या तंत्रज्ञांनी मान्य केले. ग्राहक न्यायालयात गेले. ज्या तबकड्यांच्या ‘शुद्ध’ आवाजाची जाणकारांनी स्तुती केली होती, त्यांत याही तबकड्या होत्या. कान हे साधन आहे. परंतु प्रतीची वंशावळ केवळ कानाने सिद्ध होत नाही. त्यासाठी कागदोपत्री पुरावा लागतो.

भारतीय संदर्भ

आपल्याकडील तबकड्यांना हे प्रश्न थेट लागू पडतात. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्ता येथे फ्रेड गायसबर्ग यांनी गौहर जान यांचे गायन मुद्रित केले. त्या काळी तबकड्यांचा वेग ७८ वर स्थिरावलेला नव्हता. समजा, मिनिटाला ७२ फेऱ्यांवर मुद्रित झालेली तीन मिनिटांची तबकडी आपण ७८ वर वाजविली, तर ती २ मिनिटे ४६ सेकंदांत संपेल आणि काळी एक पट्टीतील गायन पांढरी दोन ओलांडून काळी दोनकडे सरकेल. अशा तबकडीवरून गायकाची पट्टी, लय किंवा तानेची गती यांविषयी काढलेला निष्कर्ष यंत्राविषयीचा ठरेल, गायकाविषयीचा नव्हे.

वादकांच्या नावांचा प्रश्नही तसाच आहे. १९३० च्या दशकापासून मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात परदेशी वृंदांसोबत गोमंतकीय वादकांनी जॅझ आत्मसात केले आणि पुढे त्यांतील अनेक जण चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गेले. सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’ (१९५१) मध्ये चिक चॉकलेट यांच्या ट्रम्पेटचा ठसा आहे. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्यांनी संयोजनाचे मोठे काम केले. परंतु तबकडीच्या चिठ्ठीवर गायक, संगीतकार आणि चित्रपट यांचीच नावे येत. त्यांचे दलोने आपल्याकडे वेळेवर झाले नाहीत. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ने सूचीकरणाचे काम पुढे नेले, तेही मुख्यतः हौशी संग्राहकांच्या बळावर.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, रसिकांचे वाद अभिनिवेशाचे असले तरी त्यांनी इतिहासाला सूची, प्रतनिश्चिती आणि तुलनेची सवय दिली. त्याच वेळी शुद्ध मूळ रूपाच्या ओढीने त्यांची दिशाभूलही झाली. ध्वनिमुद्रिका वापरताना ती कोणत्या यंत्रावर, कोणत्या वेगाने, कोणासाठी झाली आणि आपल्यापर्यंत किती नकला पार करून आली, हे विचारणे आवश्यक आहे.

याचे एक व्यावहारिक तात्पर्य महाविद्यालयांना लागू होते. ग्रंथालयांतील आणि घरोघरच्या जुन्या तबकड्यांचे अंकीकरण करून मूळ तबकड्या निकालात काढण्याचा मोह होतो. अंकीय प्रत ही सोय आहे. ती करताना वापरलेला वेग, सुई, यंत्र आणि तबकडीवरील मॅट्रिक्स क्रमांक यांची नोंद नसेल, तर पुढील अभ्यासकाला चूक सापडणारही नाही. ‘काइंड ऑफ ब्लू’ची दुरुस्ती शक्य झाली, ती कोणीतरी राखीव फीत जपून ठेवली होती म्हणून. नक्कल झाल्यावरही मूळ साधन सांभाळावे, हा दप्तरखान्याचा जुना नियम ध्वनीच्या साधनांनाही लावला पाहिजे.