उंदीर, निवटी आणि पाच कोटी वर्षे

कल्याणहून दक्षिणेच्या अंगाला पाहिले की मलंगगडाचा कातळ नजरेत भरतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर आला, थरावर थर साचले, आणि त्या थरांतून आपल्या सह्याद्रीचे हे डोंगर घडले. आज ज्यांना आपण घरचे म्हणतो ती गाय, तो कुत्रा, ते मांजर, वळचणीचा उंदीर, यांतला एकही प्राणी त्या वेळी पृथ्वीवर नव्हता. मग आणखी तितकाच काळ लोटल्यावर आपल्या ओळखीचे प्राणी कसे दिसतील? वर्गात एखादे पोर हा प्रश्न विचारते आणि गुरुजी हसून पुढचा धडा काढतात. खरे तर हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. त्याला इतिहासाचा आधार आहे, आणि त्या इतिहासातले एक पान तर आपल्या मुंबई-ठाण्याकडेच लिहिले गेले आहे.

आधी थोडे मागे जाऊ. लाव्हा अखंड वाहत नव्हता. मध्ये उसंत मिळे, तेव्हा तळी साचत, झाडोरा वाढे. अशाच एका तळ्याचा गाळ मुंबईत वरळीच्या टेकडीत दगड होऊन राहिला, आणि त्यात लहानग्या बेडकांचे सांगाडे सापडले. १८४७ साली रिचर्ड ओवेन या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. ते पाहून कोणीही शेतकरी म्हणेल, अहो, हा तर बेडूकच! इतकी वर्षे गेली, तरी बेडकाचा साचा फारसा बदलला नाही. उलट जम्मूच्या कालाकोट भागात पावणेपाच कोटी वर्षांपूर्वीच्या एका प्राण्याची हाडे मिळाली. हा मांजराएवढा, पिसोरी हरणासारखा, पाण्याच्या काठाने वावरणारा जीव. २००७ साली संशोधकांनी दाखवून दिले, की देवमाशांचे तो अगदी जवळचे नातलग होता. म्हणजे एका घराण्याने साचा तसाच ठेवला, आणि दुसऱ्याने पाय टाकून समुद्र गाठला. काळ दोघांनाही पुष्कळ मिळाला. तेव्हा नुसता काळ मोजून भविष्य सांगता येत नाही. कोणावर कसली पाळी आली, ते पाहावे लागते.

पाळी कशी येते, हे आपल्या पणज्या-आज्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारी, आणि वखारी म्हणजे उंदीर. आगगाडी ठाण्याला १८५३ साली आणि कल्याणला १८५४ सालीच पोहोचली होती. माणसे पळाली, पोती हलली, आणि रोग जिल्ह्यात शिरला. घरात उंदीर पडला, की लोक चूल विझवून रानात झोपडी घालीत. उंदराच्या अंगावरची पिसू हा रोग माणसाला देते, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ साली कराचीत दाखवले. हिंदुस्थानात या साथीने पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत एक कोटीहून अधिक माणसे नेली.

आपल्याकडे माणसांची मोजदाद झाली. उंदीर किती मेले, ते कोण मोजणार? पण उंदरांची चौकशी मात्र झाली. परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, १९०५ पासून प्लेगसंशोधन मंडळाने हजारो उंदीर तपासले. त्यात एक चमत्कारिक गोष्ट आढळली. मद्रासेस प्लेग फारसा पोहोचला नव्हता. तिकडच्या उंदरांना प्लेगचे जंतू टोचले, की ते पटापट मरत. मुंबईच्या उंदरांना तेच टोचले, तर त्यांतले पुष्कळ तगून राहात. साथ सुरू होऊन पुरती दहा-बारा वर्षेही झाली नव्हती!

इथे शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी जरा थांबावे, कारण मुले हमखास इथेच चुकतात. उंदराला प्लेगची ‘सवय झाली’ असे नाही. एवढ्या मोठ्या संख्येत काही उंदीर जन्मतःच थोडे चिवट असतात. बाकीचे मेले, हे उरले, आणि पिले झाली ती यांना. एखादा उंदीर आजारातून उठल्यावर त्याच्या अंगात काही बळ येते, हे खरे. पण ते त्याच्याबरोबरच संपते. वारशाने येणारा चिवटपणा निराळा. मादागास्कर बेटावर १८९८ साली प्लेग गेला. तिथल्या डोंगराळ भागातल्या चिवट उंदरांची पिले अलीकडे प्रयोगशाळेत वाढवून पाहिली, तर ज्यांनी साथ कधी पाहिलीच नव्हती, ती पिलेही चिवट निघाली.

उंदरीण तीन आठवड्यांत विते आणि पिले तीनेक महिन्यांत वयात येतात. दहा वर्षांत तीसएक पिढ्या सहज होतात. माणसाच्या तीस पिढ्या मागे जायचे, तर ठाण्याच्या शिलाहारांचे राज्य यादवांनी बुडवले त्या तेराव्या शतकात जावे लागेल. डासांचे घोडे तर याहून पुढे. १९५३ साली देशभर मलेरियाविरुद्ध डी.डी.टी.ची फवारणी सुरू झाली, आणि ते दशक सरेपर्यंत तिला न जुमानणारे डास आपल्या पश्चिम भागात दिसू लागले.

आता पुढचे पाहू. डूगल डिक्सन या स्कॉटिश लेखकाने १९८१ साली एक पुस्तक लिहिले. माणूस नाहीसा झाल्यावर पाच कोटी वर्षांनी प्राणिसृष्टी कशी असेल, याची त्यात चित्रे आहेत. सशाच्या वंशजांनी हरणांची जागा घेतली आहे, आणि उंदरांचे वंशज शिकारी झाले आहेत. ही कल्पनाच, पण परळची हकिगत ऐकल्यावर उंदरावर लावलेली पैज वेडगळ वाटत नाही. काहीही खाणारा, कुठेही राहणारा, भराभर विणारा प्राणी टिकतो. त्या हिशेबात मला आपला कावळाही बसतो. चिमणीचे मात्र सांगता येत नाही. शेती सुरू झाली तेव्हापासून ती आपल्या दाण्यावर पोसली. पिष्ट पचवण्याची तिची ताकद त्या काळात वाढली, असे २०१८ सालच्या संशोधनात दिसले. आपण नसू, तर दाणा नाही. दावणीची दुभती गाय आणि खुराड्यातली कोंबडी यांचीही तीच गत.

येऊरच्या बिबट्याबद्दल मन धास्तावते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात तो पन्नासाच्या आसपास आहे, आणि भोवती रस्ते व इमारती. उंदरावर आपत्ती आली तेव्हा निवडीला लाखो होते. इथे निवड करायची कोणातून?

माझी स्वतःची पैज निवटीवर. आगरी-कोळी घरांत तिच्या कालवणाची चव सर्वांना ठाऊक; पण ताटात येण्याआधी ती काय करते, तेही पाहावे. मासा असून ओहोटीला ती चिखलावर येते, परांवर रेलून सरकते, उड्या मारते, डोक्यावरच्या फुगीर डोळ्यांनी चहूकडे पाहते आणि ओल्या कातडीतून श्वास घेते. सुमारे सदतीस कोटी वर्षांपूर्वी जे मासे जमिनीकडे वळले, त्यांची ही थेट वारसदार नव्हे. हिने आपली वाट निराळी काढली. पाच कोटी वर्षांत तिचे वंशज झाडावर चढले, तर मला नवल वाटणार नाही.

अट एकच, चिखल राहिला पाहिजे. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने तिवरे तोडण्यास मनाई केली, आणि रोहित पक्ष्यांमुळे ठाणे खाडीचा एक भाग २०१५ साली अभयारण्य झाला. पण खाडीकाठी रातोरात भराव पडतो, त्याखाली निवटीची बिळे जातात, आणि त्यांची फिर्याद कोणी देत नाही. मुंब्रा-दिव्याच्या बाजूस ओहोटीच्या वेळी अजून निवट्या दिसतात. शिक्षकांनी मुलांना काठावर सुरक्षित जागी उभे करावे, हातात घड्याळ द्यावे, आणि एक निवटी पाण्याबाहेर किती वेळ राहते ते वहीत लिहून घ्यायला सांगावे.